आधी पाणी, मग हात : होडीच्या प्लास्टिक खिडक्यांची निगा

(प्रभागसंघाच्या बैठकीत, पर्यटनाच्या होड्या चालवणाऱ्या गटांसमोर केलेल्या बोलण्याचा हा मजकूर. बैठकीत आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरंही शेवटी दिली आहेत.)



आजचा विषय तसा छोटा आहे. आपल्या होडीला छत असतं, आणि छताखाली बाजूने पारदर्शक प्लास्टिकचे पडदे असतात. काही होड्यांना तांडेलाच्या समोर कडक प्लास्टिकची खिडकीही असते. ही खिडकी आणि हे पडदे साफ कसे करायचे, सांभाळायचे कसे, एवढंच आज बोलायचं आहे.

विषय सांगितला तेव्हा एक मावशी मला म्हणाल्या, "अगो बाय, पुसूक काय शिकवतंस? आमचो जल्म पुसण्यात गेलो." मावशी खरंच बोलल्या. पण मेख तिथेच आहे. आपल्या हाताला जे पुसणं माहीत आहे ते काचेचं, स्टीलचं, पितळेचं, लादीचं. तिथे जोर लावला की चमक येते. प्लास्टिकच्या खिडकीवर जोर लावला की चमक जाते, आणि गेलेली चमक बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून आजचं सगळं बोलणं चार शब्दांत सांगायचं तर : आधी पाणी, मग हात. बाकी जे सांगणार आहे ते या चार शब्दांचाच विस्तार आहे.

हा विषय आपला का?

आपल्या सिंधुदुर्गात बायकांनी होडीचं काम हातात घेतलं त्याला आता बरीच वर्षं झाली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली, हे आपल्याला माहीत आहे. तारकर्ली, देवबाग, मालवणला डॉल्फिन बघायला, संगम बघायला, किल्ल्यावर जायला माणसं येतात. खाडीत असो की समुद्रात, येणारा माणूस पैसे कशाचे देतो? बघण्याचे. कांदळवन बघायचं, खंड्या बघायचा, डॉल्फिनची पाठ दिसली तर बघायची. वारा सुटला, पाण्याचे तुषार आले, तर पडदे सोडावे लागतात. तेव्हा पडदा दुधासारखा पांढुरका असेल तर त्या माणसाने पैसे देऊन काय बघितलं?

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तांडेलाला समोरचं दिसलं पाहिजे. संध्याकाळी परतताना सूर्य खाली आलेला असतो. ओरखडे पडलेल्या प्लास्टिकवर तो तिरपा उजेड पडला की सगळी खिडकी एकदम झगमगते आणि पुढचं काही दिसत नाही. जाळ्याचा बोया दिसत नाही, छोटी पात दिसत नाही, पाण्यात पोहणारा मुलगा दिसत नाही. सकाळी जी खिडकी बरी वाटते तीच संध्याकाळी आंधळी होते. म्हणून खिडकीकडे शोभेची वस्तू म्हणून बघू नका. ती सुरक्षेची वस्तू आहे, लाइफ जॅकेटसारखीच.

आणि तिसरी गोष्ट पैशाची. त्यावर शेवटी हिशेबासकट बोलू.

आधी आपलं प्लास्टिक ओळखा

होडीवर साधारण तीन प्रकारचं पारदर्शक प्लास्टिक असतं. तिन्हीचा स्वभाव वेगळा आहे.

पहिलं, गुंडाळता येणारं मऊ प्लास्टिक. हे पीव्हीसी. आपल्या नळाचा पाईप पण पीव्हीसीच. मग पाईप कडक आणि पडदा मऊ कसा? पीव्हीसी मुळात कडकच असतं. त्यात तेलासारखे पदार्थ मिसळून ते मऊ करतात. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ही युक्ती शोधली आणि तिथून पीव्हीसीचे पडदे, रेनकोट, पिशव्या यांचा रस्ता खुला झाला. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की पडद्याचा मऊपणा त्या मिसळलेल्या पदार्थात आहे. ऊन तो हळूहळू काढतं. थिनर, रॉकेल, स्पिरिट तो भराभर काढतात. तो गेला की पडदा पिवळा पडतो, कडक होतो, आणि घडीवर तडकतो. चुलीजवळ ठेवलेला पापड कसा वाकवता येत नाही, तसं.

दुसरं, ॲक्रेलिक. हे काचेसारखं स्वच्छ आणि ताठ असतं. दुकानाच्या पाट्या, ट्रॉफी याचीच करतात. दिसायला छान, उन्हात पिवळं पडत नाही सहसा, पण ओरखडा लगेच पडतो आणि जोराचा मार बसला तर फुटतं. याला स्पिरिट किंवा अमोनिया लागला की आत बारीक बारीक केसासारख्या रेषा उमटतात. त्या रेषा पुसून जात नाहीत, कारण त्या डाग नसतात, तडे असतात.

तिसरं, पॉलिकार्बोनेट. हेही ताठ, पण मार सोसतं. हेल्मेटची पुढची काच बहुतेक याचीच असते. मात्र ओरखडा यालाही पडतो, आणि वरचा संरक्षक थर गेला की उन्हाने पिवळं पडतं. याचा खास शत्रू म्हणजे धुण्याचा सोडा आणि तसले तिखट क्षार. म्हणून कपडे धुण्याची पावडर याला लावायची नाही.

मऊ पडदा तर हातानेच ओळखू येतो. ताठ प्लास्टिक कुठलं हे नुसतं बघून कळणं कठीण. म्हणून खिडकी बसवून घेताना कारागिराला किंवा दुकानदाराला विचारा, बिलावर लिहून घ्या आणि गटाच्या वहीत नोंदवा. जाळून बघणं, थिनर लावून बघणं असले प्रयोग करू नका. नोंद नसेल तर दोन्हींना चालेल तीच रीत वापरा, म्हणजे साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड.

ओरखडा पडतो कशाने?

समुद्रावरून आलेल्या पडद्यावर बोट फिरवून बघा. खरखरीत लागतं. त्यात वाळलेलं मीठ असतं, वाळूचा बारीक कण असतो, रस्त्याची लाल धूळ असते. वाळूत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेहूनही कठीण. काचेला चरा पाडू शकणारा कण प्लास्टिकला काय सोडणार? आता त्या पडद्यावर कोरडं फडकं जोराने फिरवलं, तर आपण फडक्याने पुसत नाही, वाळूने घासतो. पॉलिश पेपर मारल्यासारखंच.

आणि आपल्या सवयी कशा आहेत? घाईत पदर घेतला आणि पुसलं. पदराला जर असते, टिकली असते, साडीत धूळ असते. खलाशाने खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि पुसलं. त्या टॉवेलाने आधी घाम पुसलेला असतो, इंजिनही पुसलेलं असतं. पर्यटकाने टिश्यू पेपर काढला आणि पुसलं. कागद मऊ लागतो हाताला, पण प्लास्टिकला तो बारीक चरे पाडतो. समुद्राने खिडकी जेवढी खराब होते, त्याहून जास्त ती कोरड्या पुसण्याने होते.

धुण्याची रीत

आता क्रमाने सांगते. मुलींनी लिहून घ्या.

एक. उन्हात तापलेल्या प्लास्टिकला हात लावू नका. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवा. तापलेल्या पडद्यावर साबण लगेच वाळतो आणि डाग धरतो.

दोन. भरपूर गोडं पाणी वरून खाली सोडा. नळी असेल तर नळी, नसेल तर तांब्याने. पाण्याने मीठ विरघळतं, वाळू वाहून जाते. या वेळी हात लावायचाच नाही. दोन्ही बाजूंनी पाणी सोडा, कारण आतल्या बाजूलाही मीठ आलेलं असतं. दाबाच्या पंपाची धार जवळून मारू नका, शिलाई उसवते.

तीन. एका बालदीत गोडं पाणी घ्या आणि त्यात भांडी घासायचा पातळ साबण चहाचा एक चमचा, बास. पावडर नको, वडी नको. दुसऱ्या बालदीत नुसतं पाणी ठेवा.

चार. मऊ सुती कापड किंवा गाडी पुसायचं मायक्रोफायबरचं कापड साबणाच्या पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने वरून खाली न्या. गोल गोल फिरवू नका. दर दोन-तीन हातांनंतर कापड दुसऱ्या बालदीत खळबळून घ्या, म्हणजे निघालेली वाळू पुन्हा पडद्यावर जात नाही.

पाच. पुन्हा गोडं पाणी सोडून साबण पूर्ण काढा. साबण राहिला तर वाळल्यावर ढगासारखा दिसतो.

सहा. दुसरं स्वच्छ, कोरडं, मऊ कापड घेऊन पाणी टिपून घ्या. रगडायचं नाही, टिपायचं. बाळाचं अंग टिपतो तसं. तसंच वाळायला सोडलं तर विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

पक्ष्यांची घाण वाळली असेल किंवा मिठाचा जाड थर बसला असेल, तर खरवडू नका. ओलं कापड त्या जागी दहा मिनिटं चिकटवून ठेवा. मऊ झालं की पाण्याने आपोआप सुटतं.

कापडाबद्दल दोन शब्द. खिडकीचं कापड वेगळं ठेवायचं. त्यावर रंगीत दोऱ्याने खूण करा. त्या कापडाने इंजिन पुसायचं नाही, बसायची फळी पुसायची नाही. कापड वाळूत पडलं की त्या दिवसापुरतं ते बाद. घरी नेऊन धुतल्याशिवाय परत वापरायचं नाही.

रोज एवढं सगळं करायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. मग रोज निदान दुसरी आणि सहावी पायरी करा, म्हणजे गोडं पाणी सोडणं आणि टिपणं. साबणाचं धुणं आठवड्यातून एकदा.

हे लावू नका

काच पुसायचा निळा स्प्रे नको. त्यात बहुतेक वेळा अमोनिया किंवा स्पिरिट असतं. सॅनिटायझर नको, त्यात अल्कोहोल असतं. थिनर, रॉकेल, पेट्रोल, डिझेल नको. होडीवर डिझेलचा बोळा हाताशी असतो, ग्रीसचा डाग लगेच निघतो म्हणून मोह होतो. डाग निघतो, पण त्याबरोबर पडद्याचा मऊपणाही निघतो. ग्रीसला साबणाचं पाणी दोन-तीनदा लावा, तेवढं पुरतं.

राख, काथ्या, तारेची घासणी, हिरवी घासणी, रांगोळीची पूड यांतलं काही नको. ब्लीचिंग पावडरही नको, तिच्याने शिलाईचा दोरा आणि कापड कमजोर होऊ शकतं. खोबरेल तेल लावून चमक आणायचीही पद्धत काही ठिकाणी आहे. ती चमक तासाभराची असते. नंतर त्यावर धूळ चिकटते आणि दिसायचं होतं तेही बंद होतं.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. पर्यटक सनस्क्रीन लावतात, डास पळवायची क्रीम लावतात. डासांच्या काही क्रीममध्ये डीट नावाचं रसायन असतं, ते प्लास्टिक विरघळवतं. तसला हात पडद्याला लागला की बोटांचे ठसे कायमचे उमटतात. पर्यटकांना होडीत बसतानाच हसून सांगा, "दादा, ताई, पडद्याला हात नको, आधारासाठी हा दांडा धरा." आणि ठसे दिसले तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने धुवा.

ऊन, पाईप आणि गुंडाळी

पडदा ज्या लोखंडी किंवा स्टीलच्या पाईपाला टेकतो, तो पाईप दुपारी इतका तापतो की हात लावता येत नाही. पडद्याला त्या जागी तपकिरी पट्टा पडतो आणि पुढे तिथेच तडा जातो. उपाय सोपा आहे. पाईपावर पांढऱ्या जाड कापडाची खोळ शिवून चढवा. आपल्या गटांत शिलाई येणाऱ्या बायका आहेतच.

पडदे वर करायचे तर घडी घालू नका, गुंडाळा. घडीची रेघ म्हणजे उद्याचा तडा. गुंडाळण्याआधी पडदा धुतलेला आणि वाळलेला पाहिजे. वाळू आत राहिली तर होडी हलेल तशी ती दोन थरांमध्ये घासत राहते. ओला गुंडाळला तर आत बुरशी धरते आणि प्लास्टिक धुरकट होतं. बांधायला बारीक सुतळी नको, तिचा वळ उठतो. दोन बोटं रुंद पट्टी वापरा.

चेन असेल तर तीही गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने ती अडकते. वाळल्यावर मेणबत्तीचा तुकडा दातऱ्यांवरून फिरवा. अडकलेली चेन जोराने ओढू नका, त्यात चेनच्या बाजूचं प्लास्टिकच फाटतं.

ताठ खिडकी असेल तर तिचे स्क्रू फार आवळू नका. उन्हाने प्लास्टिक फुगतं, थंडाव्याने आकसतं. त्याला हलायला जागा नसेल तर स्क्रूच्या भोकापासून तडा सुरू होतो. भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं आणि मध्ये रबरी वॉशर, असं करायला कारागिराला सांगा.

पावसाळ्याची तयारी

मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत आपली पर्यटनाची होडी किनाऱ्यावर असते. या तीन महिन्यांत पडदे होडीवर ठेवू नका. काढा, वर सांगितल्या रीतीने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. मग जमिनीवर जुनी मऊ सुती साडी पसरा, तिच्यावर पडदा ठेवा आणि दोन्ही मिळून एका जाड पीव्हीसी पाईपावर सैल गुंडाळा. म्हणजे प्लास्टिकला प्लास्टिक चिकटत नाही. रोल आडवा ठेवा, त्यावर वजन ठेवू नका.

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, छपाईची शाई प्लास्टिक ओढून घेतं आणि ती निघत नाही. तसंच पडद्यावर मार्कर पेनने नंबर घालू नका, कडेच्या कापडावर घाला. होडीच्या कडेला धक्क्यासाठी लावलेले जुने टायर असतात, त्यांच्यावर रोल टेकवू नका, रबराचा काळा डाग बसतो. डांबरगोळ्या आत घालू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं चिकट होतात. उंदरांची भीती असेल तर रोल छताला दोन पट्ट्यांनी टांगून ठेवा.

नारळी पौर्णिमा आली की पडदे उघडा, तपासा. शिलाई उसवली असेल, आयलेट निघालं असेल, तर तेव्हाच दुरुस्त करा. हंगाम सुरू झाल्यावर शिवणाऱ्याकडे रांग असते.

सुरक्षेचे तीन नियम

पहिला. तांडेलाच्या समोरच्या खिडकीतून स्पष्ट दिसत नसेल तर ती वर करायची. तांडेल थोडा भिजला तरी चालेल, पण न दिसता होडी चालवायची नाही. आणि समोरची खिडकी खराब झाली तर नवीन घेताना पहिला मान तिचा. बाजूच्या पडद्यांचं नंतर बघू.

दुसरा. माणसं आत असताना पडद्यांना खालून गाठी मारायच्या नाहीत. पडदा आतून एका ओढीत उघडला पाहिजे. वेल्क्रो किंवा झटकन सुटणारी बटणं बरी. होडीला काही झालं तर बाहेर पडायला वाट हवी. निघण्याआधी पर्यटकांना लाइफ जॅकेट घालायला सांगतो, तेव्हाच पडदा कसा उघडतो तेही दाखवा.

तिसरा. सगळ्या बाजू बंद आणि फक्त मागची बाजू उघडी, असं इंजिन चालू असताना कधी करू नका. चालत्या होडीच्या मागे हवा अशी फिरते की इंजिनाचा धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेऊ शकतो. पेट्रोलच्या इंजिनात तो जास्त निघतो. म्हणून पुढून थोडी हवा खेळती ठेवा. कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर "होडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. आधी सगळे पडदे वर करा.

आता हिशेब

उदाहरण घेऊ. समजा, गटाने सगळे पडदे नवे शिवून घेतले आणि खर्च २४,००० रुपये आला. ते दोन वर्षांत गेले, तर महिन्याला १,००० रुपये झाले. तेच चार वर्षं टिकले, तर महिन्याला ५०० रुपये. म्हणजे नीट पुसणारी बाई गटाचे महिन्याला ५०० रुपये वाचवते. तुमचा आकडा वेगळा असेल. घरी गेल्यावर तुमच्या बिलावरून हाच हिशेब मांडून बघा.

मग प्रश्न येतो, हे वाचवलेले पैसे वहीत कुठे दिसतात? डिझेल दिसतं, दुरुस्ती दिसते, तांडेलाचा रोज दिसतो. धुणं-पुसणं दिसत नाही. ते बायकांचं काम, जाता जाता होतं, असं आपण सुद्धा धरून चालतो. आणि जे काम वहीत नसतं ते घाईत होतं. मग पदराने पुसलं जातं आणि पडदा दोन वर्षांत जातो.

म्हणून माझी सूचना आहे. प्रत्येक होडीवर खिडकीची पाळी लावा. आठवड्याच्या धुण्याला साधारण किती वेळ लागतो तो बघा, आणि त्याचा मोबदला गटाच्या बैठकीत ठरवून खर्चात धरा. वहीत एक पान काढा : तारीख, कोणी धुतलं, काय बिघाड दिसला. पडदे बसवल्याची तारीख पहिल्या ओळीत. शिवाय दर महिन्याला थोडी रक्कम पडद्यांसाठी बाजूला टाका, म्हणजे बदलायची वेळ येईल तेव्हा कर्ज काढावं लागणार नाही.

तुमचे प्रश्न

"ओरखडे पडलेच आहेत, आता काय?" मऊ पडद्यावरचे ओरखडे घरच्या उपायाने जात नाहीत. टूथपेस्ट चोळू नका, आणखी धुरकट होतो. ताठ ॲक्रेलिकवरचे बारीक चरे प्लास्टिकच्या खास पॉलिशने कमी होतात, पण आधी कोपऱ्यात लावून बघा. गाडीचं पॉलिश चालत नाही, त्यात बहुतेक घासणारी पूड असते.

"आमच्याकडे गोडं पाणी कमी आहे." दोन बालद्यांत रोजचं काम होतं. धार न सोडता तांब्याने वरच्या कडेवरून पाणी ओघळू द्या. पण खाडीच्या पाण्याने शेवटचं धुणं करू नका, वाळलं की मीठ परत तिथेच.

"तुटलेल्या पडद्याचं काय करायचं?" मधला चांगला भाग कापून ठेवा, ठिगळाला होतो. किनाऱ्यावरच्या टपरीला पावसाची आडोशी करायला होतो. उरलेलं खाडीत टाकू नका. कांदळवनाच्या मुळांत अडकलेलं प्लास्टिक आपणच पर्यटकांना दाखवतो आणि हळहळतो. आणि ते जाळू तर मुळीच नका. पीव्हीसीच्या धुरात आम्लाचा आणि इतर विषारी वायू असतो. ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या.

"पुरुष मंडळी ऐकत नाहीत, हाताला येईल त्याने पुसतात." यावर उपाय असा, की खिडकीचं कापड आणि पाण्याची बाटली तांडेलाच्या हाताशीच टांगून ठेवा. हाताला येईल तेच योग्य असलं म्हणजे झालं.

ताईंनो, होडी उभी करताना आपण कागदपत्रं केली, बँकेच्या फेऱ्या मारल्या, घरच्यांना समजावलं. त्या मानाने हे काम सोपं आहे. दोन बालद्या, दोन कापडं आणि थोडा धीर. पुढच्या बैठकीला प्रत्येक होडीच्या गटाने वहीतलं खिडकीचं पान सोबत आणावं, एवढीच विनंती.



होडीवर लावण्यासाठी

१. आधी पाणी, मग हात. कोरडं पुसायचं नाही.
२. पदर, टॉवेल, कागद नाही. खुणेचं कापडच वापरायचं.
३. निळा स्प्रे, सॅनिटायझर, थिनर, डिझेल, सोडा नाही.
४. घडी नाही, गुंडाळी. तीही धुऊन आणि वाळवून.
५. समोर दिसत नसेल तर खिडकी वर.
६. माणसं आत असताना पडद्याला गाठ नाही.
७. फक्त मागची बाजू उघडी ठेवून इंजिन चालवायचं नाही.
८. धुतलं की वहीत नोंद.